तीन हाका

माणसाला धसका बसला की मी तो उतरवत असे. सासूनं दिलेली विद्या. लेकरू विहिरीपाशी भ्यालं असेल तर त्याला विहिरीपाशीच न्यायचं, लिंबू उतरवायचं आणि नाव घेऊन तीनदा हाक मारायची. त्यानं ओ दिली की धसका गेला. साखऱ्यापासून औंढ्यापर्यंतचे लोक लेकरं घेऊन यायचे आणि मी आपली अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

अठ्ठेचाळीस साली माझ्या धाकट्या बहिणीच्या गावावर हत्यारबंद माणसं चालून आली. नवऱ्यानं तिला घरामागच्या पेवात, धान्य साठवायच्या खोल खड्ड्यात, उतरवलं आणि वर कडबा पसरला. तो गेला तो गेलाच. दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी तिला वर काढलं, तेव्हा तिची वाचा बसली होती.

मी तिला माझ्या घरी आणलं. महिनाभरात ती थोडं थोडं बोलू लागली. आधी "पाणी", मग "मीठ". एकदा भाकरी थापता थापता आपणहून म्हणाली, "अक्का, जाताना त्यायनं सांगितलं, कोनीबी नाव घेऊन हाक मारली तरी ओ देऊ नको." मी "व्हय" म्हणाले आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला तसंच बोलू द्यायला हवं होतं. पण मला कुठला धीर! गावाची लेकरं बरी करणारीच्या घरात सख्खी बहीण अर्धी मुकी, हे मला लागत होतं.

अमावास्येला भर दुपारी मी तिला त्या पेवापाशी नेलं. ती माझा पदर सोडेना.

"तिथं काहून, अक्का? म्या बरी होऊन राहिले न्हवं?"

तिचं खरं होतं. मी दटावलं, "गप उतर. मला शिकवू नको."

ती शिडीनं उतरली. मी शिडी वर ओढली, पेवाच्या तोंडावर घोंगडं टाकलं, लिंबू कापलं आणि तिच्या नावानं हाक मारली. ओ आली नाही. दुसरी मारली. तिसरी इतक्या जोरानं मारली की गल्लीतली माणसं गोळा झाली. आतून हूं नाही की चूं नाही. मग तीनचा हिशेब कुठला, मी रडत नुसतं तिचं नाव घेत राहिले. मला दुसरं काही येतच नव्हतं.

घोंगडं काढलं तेव्हा ती भिंतीला चिकटून, तोंडात पदर कोंबून बसली होती. तिनं वर पाहिलं, पण तिला मी दिसत नव्हते. पदर काढून ती नवऱ्याला सांगावं तसं हळूच म्हणाली, "अवो, म्या ओ न्हाई दिली."

ते तिचं शेवटचं बोलणं. त्यानंतर मी कुणाचाच धसका उतरवला नाही, पण त्याचा तिला काय उपयोग? ती अजून माझ्याच घरी आहे, सगळं काम करते. चुकून माझ्या तोंडून तिचं नाव निघालं, तर हातातलं टाकते आणि तोंडात पदर कोंबून बसते.