एकाच ठोकळ्याचा तारा

आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली मी. इतिहास घेऊन बी.ए. झाले. हे मी विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. कोणाला तो तोरा वाटला तर वाटू दे. माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि वसई गावातल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. एकेक अक्षर चिमटीत उचलून, उलट्या बाजूने ओळ लावायची. माणूस चौथी पास, पण उलटी मराठी सुलटीइतक्या वेगाने वाचायचा.

छापखान्यात पद्धत अशी की प्रत्येक कामाची एक प्रत नमुना म्हणून ठेवायची. छापखाना बंद झाला तेव्हा मालक म्हणाले, रद्दीत घाला. बाबांनी ते गठ्ठे सायकलवर बांधून घरी आणले. लग्नपत्रिका, गणपती मंडळाच्या पावत्या, चर्चच्या सणाची पत्रकं, कबड्डीच्या सामन्यांच्या जाहिराती, दूध डेअरीची कुपनं. आई म्हणायची, "घरात बसायला जागा नाही आणि हा माणूस लोकांची लग्नं सांभाळतोय." मला लहानपणापासून काडेपेटीची लेबलं जमवायचा नाद होता, त्यात हे गठ्ठे मिळाले. मग मी कागद जमवणारी झाले ती झालेच.

कागद जमवणाऱ्याचा डोळा एकदा एखाद्या चिन्हावर बसला की तेच सगळीकडे दिसायला लागतं. माझा बसला सहा टोकांच्या ताऱ्यावर. एक त्रिकोण सुलटा, एक उलटा, एकमेकांत अडकवलेले. ज्यू लोकांचा, इस्राएलच्या झेंड्यावर असतो तो. पण तो फटाक्याच्या वेष्टनावरही आहे, बिडीच्या बंडलावर आहे, अगरबत्तीच्या पुड्यावर आहे, आणि काडेपेट्यांवर तर किती तऱ्हेचा! लाल, हिरवा, मध्ये मोर बसवलेला, मध्ये ओम काढलेला. काढायला सोपा, हे त्याचं खरं कारण. पाच टोकांचा तारा हाताने काढून बघा, एक तंगडी लांब होतेच. सहा टोकांचा पट्टी घेऊन कोणालाही जमतो. आपल्याकडे तो षट्कोन म्हणून यंत्रात आहे, रांगोळीत आहे, आणि नाताळात इथल्या वाड्यांमध्ये टांगलेल्या कंदिलांतही दोनचार सहा टोकांचे निघतातच.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चुकले.

बाबांच्या गठ्ठ्यांत तीसेक कागदांवर अगदी एकसारखा, रुपयाएवढा, सहा टोकांचा तारा होता. कोकणपट्टीत बेने इस्राएल हे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत, हे मी कॉलेजात वाचलेलं. मी दोन आणि दोन चार केले. वसईतच, एव्हरशाईन सिटीत, आमच्या सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम होता, त्यात मला हॉलची एक भिंत मिळाली. मी काळ्या पुठ्ठ्यावर ते तीस कागद लावले, बाजूला ताऱ्याच्या काडेपेट्या मांडल्या आणि वर ठळक अक्षरात लिहिलं : 'वसईतील ज्यू समाज : एका छापखान्याच्या खुणा'. बाबांना विचारलंही नाही. ते घरातच होते, समोर बसून चहा पीत होते, पण विचारायचं सुचलं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं ना.

कार्यक्रमाला लोक आले, बघून गेले. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "वहिनी, एवढ्या काडेपेट्या आणि घरात लायटर!" एकीने विचारलं, रद्दीचा भाव काय चाललाय. मी हसून सोडून दिलं.

मग बी विंगमधल्या मावशी आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगी परदेशात, इस्राएलला. आमची ओळख लिफ्टपुरती. त्या एका लग्नपत्रिकेपुढे थांबल्या आणि हलेचनात. मी जवळ गेले.

"ही कुठे मिळाली तुला?"

"आमच्या बाबांच्या छापखान्यातली. का हो मावशी?"

"माझी आहे."

"म्हणजे?"

"अगं, माझ्या लग्नाची आहे. हे माझं माहेरचं नाव, हे आमचे हे." आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या.

मी खुर्ची दिली. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या नातीचं, मुलीच्या मुलीचं, तिकडे लग्न ठरलं होतं. तिथल्या धर्माच्या कचेरीला मुलीच्या आईचीच नव्हे, आजीचीही खात्री हवी होती, की आजीचं लग्न ज्यू धर्माप्रमाणे झालेलं आहे. आजी म्हणजे मावशी. त्यांचा लग्नाचा करार, ज्याला ते केतुबा म्हणतात, पूर्वी तळमजल्यावर राहायच्या तेव्हा घरात पुराचं पाणी शिरलं त्यात गेला. फोटोही गेले. लग्न लावणारे धर्मगुरू, हज्जन, कधीच वारले. इथल्या समाजाची मंडळी पत्र द्यायला तयार होती, पण म्हणाली, त्या काळातलं काहीतरी दाखवा, नुसत्या तोंडी शब्दावर आम्ही सही कशी करायची?

"पोरगी रडते फोनवर," मावशी म्हणाल्या. "म्हणते, आजी, सात पिढ्या कोकणात आपण शनिवार पाळला आणि आता आपल्यालाच विचारतायत, तुम्ही कोण."

मी पत्रिका बघितली. मजकूर साधा मराठी. चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, लग्न वसईतल्या घरच्या मांडवात. नावंही अशी की कोणाचीही असावीत. ज्यू म्हणावं असं एकच, वरचा तारा.

"मावशी, हा तारा आहे ना! काळजी करू नका. हाच पुरावा," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच होता.

तेवढ्यात बाबा आले, काठी टेकत. पुठ्ठ्यावरची माझी मोठी अक्षरं त्यांनी वाचली आणि ते हसायलाच लागले.

"हे कोनी लिवलं?"

"मी."

"अगं, हा ज्यूंचा छापखाना कधी झाला? ही बघ, गनपती मंडळाची पावती. हे चर्चचं पत्रक. ही कबड्डी. आमच्याकडं तारा एकच होता, म्हनून सगळ्यांना तोच! गनपतीला षट्कोन चालतो, नाताळला तारा चालतो, आनि कबड्डीवाल्याला काय, वर कायतरी चमकलं म्हंजे झालं. बी.ए. झालीस, पन बापाला इचारायला काय तोंड दुखत होतं?"

दहा माणसं ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माझं राहू द्या. मावशींचा चेहरा उतरला.

"म्हणजे हा तारा सगळ्यांच्याच पत्रिकेवर असायचा?" त्यांनी हळूच विचारलं. "मग याला काही अर्थ नाही."

मावशी कोणत्या पत्रिकेवर हात ठेवून बसल्यात ते बाबांनी वाकून पाहिलं. आणि त्यांचं हसू थांबलं.

"ही तशी न्हाय," ते म्हणाले. "ही मिठागराच्या कचेरीतल्या साहेबांच्या पोरीची."

"ती पोरगी मीच."

बाबा समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं बोलणं वहीत उतरून घेतलं.

लग्नाचा हंगाम असला की पत्रिकेच्या माथ्यावरची 'श्री गजानन प्रसन्न' ही ओळ दर वेळी कोण जुळवत बसणार? ती सुतळीने बांधून कायम तयार ठेवलेली असायची. पत्रिका आली की उचलायची, वर बसवायची. साहेबांच्या पोरीची पत्रिका आली तेव्हाही बाबांनी सवयीने ती वर बसवली. साहेब कच्ची प्रत तपासायला आले.

"मला वाटलं, आता बोलनी बसनार," बाबा म्हणाले. "पन साहेब रागावले न्हाईत. म्हनाले, देव चांगलाच आहे रे, पन आमच्या घरचा न्हाय. मी ओळ काढली. मग माथ्यावर ही एवढी मोकळी जागा! मी म्हटलं, कमळ टाकू? दोन मोर टाकू? म्हनाले, थांब. आनि दोन दिवसांनी मुंबईहून स्वतः छापायचा ठोकळा करवून आनला. हा तारा. नवा कोरा, लाकडावर बसवलेला."

"मग तो छापखान्यात कसा राहिला?" मी विचारलं.

"मी परत द्यायला गेलो तर म्हनाले, तुलाच ठेव. माझ्याकडं लग्नाची पोरगी एकच."

मावशी तोंडावर पदर धरून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

"शनिवारी पत्रिका द्यायला गेलो," बाबा पुढे म्हणाले, "तर कोनी हात लावीना. उद्या या म्हनाले. रविवारी गेलो तर जेवायला बसवलं आनि लग्नालाही बोलावलं. गेलो मी. नवऱ्यामुलानं गानं म्हटलं, अंगठी घातली, आनि मग पायाखाली पेला आला आनि फुटला. मला वाटलं चुकून फुटला! त्यांच्यात नवरा तो मुद्दाम फोडतो, हे मला काय ठावं? बिचाऱ्या नवरीच्या पायात काच जाईल म्हनून मी पुढं होऊन काचा येचायला लागलो. सगळा मांडव हसला."

मावशी ताडकन उभ्या राहिल्या.

"काचा वेचणारा तो तुम्ही? अहो, आमच्या घरात पन्नास वर्षं ही गोष्ट सांगतात! आमचे हे म्हणायचे, माझ्या लग्नात एकच शहाणा माणूस होता, त्याला माझ्या बायकोच्या पायाची काळजी."

"शहाना?" बाबा म्हणाले. "त्या वेळी तर येडा म्हनाले."

आता माझं काम होतं, आणि ते मला येत होतं. घरी येऊन मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. लग्नपत्रिकांवर, पावत्यांवर साल असतंच. मावशींच्या पत्रिकेच्या आधीच्या एकाही कागदावर तारा नव्हता. कमळ होतं, मोर होते, वेलबुट्टी होती. नंतरच्या कागदांवर तारा. मग भिंग घेऊन बसले. मावशींच्या पत्रिकेवर सहाही टोकं सुईसारखी. पुढच्याच मे महिन्यापासून खालचं डावं टोक बोथट. म्हणजे कोऱ्या ठोकळ्याचा पहिला छाप मावशींचाच.

"हे टोक कशाने गेलं?" मी विचारलं.

"माझ्या हातून पडला," बाबा म्हणाले. "मालकाला सांगितलं न्हवतं. आता तूही सांगू नको."

मालक जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी दोन पानांचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. ठोकळा कोणी आणला, का आणला, ओळ का काढली, शनिवारी पत्रिका का घेतल्या नाहीत, लग्नात काय पाहिलं. काचांचंही लिहिलं. बाबा म्हणाले, ते नको, हसतील. मी म्हटलं, तेच राहू द्या, असं कोणी बनवून सांगत नाही.

"पन माझं कोन ऐकनार? चौथी पास मानूस."

"तिथे शिक्षण विचारत नाहीत, बाबा. लग्नात हजर होतात का, एवढंच विचारतात."

नोटरीसमोर त्यांनी सही केली. एकेक अक्षर सुटं, सरळ रेषेत.

अडचण आली ती वेगळीच. समाजाची मंडळी म्हणाली, पत्र देतो, पण सोबत मूळ पत्रिका जोडावी लागेल, झेरॉक्स चालणार नाही, आणि ती परत मिळेल याची खात्री नाही. कागद जमवणाऱ्या माणसाला विचारा हे काय असतं. ती एकच प्रत होती जगात. ठोकळा तर कधीच भंगारात गेलेला. त्या साऱ्या ताऱ्यांचा मूळ कागद तो, आणि तो माझ्याकडे होता म्हणून माझ्या संग्रहाला काही अर्थ आला होता. मी दोन दिवस मावशींना तोंड दाखवलं नाही. लिफ्ट सोडून जिना चढले. खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी मावशीच आल्या. मागायला नाही. म्हणाल्या, "तुझी वस्तू आहे, तुझं मन नसेल तर राहू दे. आपण दुसरं काही बघू." दुसरं काहीच नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी कपाट उघडलं, प्लॅस्टिकमधून पत्रिका काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्याआधी फोटो काढून घेतला, तेवढी मी शहाणी आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये अजून लावलेला होता तो मथळा मी फाडला आणि खरी हकीगत लिहून नवा लावला. आधी काय चुकलं होतं तेही त्यात लिहिलं. काडेपेटीवाले काका म्हणाले, "वहिनी, हे आधीपेक्षा बरं झालं." मी म्हटलं, "माहीत आहे."

दोन महिने काही कळलं नाही. मावशी लिफ्टमध्ये भेटल्या की मान हलवायच्या, नाही म्हणून. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "साहेबांच्या पोरीचं काय झालं?" त्यांच्या लेखी सत्तरीच्या मावशी अजून पोरगीच.

एका सोमवारी मावशींनी बेल वाजवली. कचेरीने मान्य केलं होतं. नातीच्या लग्नाची तारीख पक्की झाली होती. पत्रिका त्यांनी ठेवून घेतली होती, परत येणार नव्हती. ते सांगताना मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. मी म्हटलं, "ठेवू देत. जिथे उपयोगी पडली तिथे राहू दे." आणि खरंच सांगते, मला त्या क्षणी काही टोचलं नाही. टोचलं ते नंतर, अल्बमचं ते रिकामं पान उघडल्यावर.

मावशींनी नवस बोलला होता. त्या गुरुवारी त्यांच्या घरी नवसफेडीचा मलिदा होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं मांडलेली. समाजाची सातआठ माणसं, हिब्रूत प्रार्थना आणि मधूनमधून आपलं मराठी. टेबलावर फोन उभा करून ठेवलेला, त्यात नात. मला वाटलं होतं बाबा दाराशी बसतील. मावशींनी त्यांना हाताला धरून आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं आणि पहिली वाटी त्यांच्या हातात दिली.

"पोरी," बाबा फोनमध्ये बघून ओरडून म्हणाले, तिकडे ऐकू जावं म्हणून, "तुझ्या आजीच्या लग्नातही गूळ असाच भरपूर होता!"

तिकडून नात मराठीत म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही माझ्या लग्नाला या."

बाबांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पासपोर्टला चौथी पास चालतं का गं?"