डिकीतला तबला

आखातातल्या आमच्या मराठी मंडळात माझ्यापेक्षा चांगला तबलजी नाही, कारण दुसरा तबलजीच नाही. गणपतीत मी चार तुकडे ठोकले की पुढच्या रांगेतले कॉन्ट्रॅक्टर आणि अकाउंटंट माना डोलावतात. सम आली हे त्यांना माझ्या मानेच्या झटक्यावरून कळतं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मी.

अशा माणसाला खऱ्या ऑडिशनचं बोलावणं आलं. रोजचा स्टेज शो, पूर्णवेळ तबलावादकाची नोकरी. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात कुठला कंटेनर कुठे अडकलाय याच्या ईमेल लिहून लिहून मला वीट आला होता. ही नोकरी मला हवीच होती. त्यासाठी तयारी करावी असं मात्र वाटलं नाही. तयारी नवशिक्यांनी करायची, हा आमचा मंडळातला सिद्धांत.

माझा तबला गाडीच्या डिकीतच राहतो. अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये वाजवला की पाचव्या मिनिटाला वॉचमन दारात उभा, त्यामुळे हात फिरतो तो मंडळाच्या तालमीतच.

ऑडिशनची सूचना दोन पानी होती. मी वेळ आणि पत्ता वाचला. बाकीचं मुलीने वाचलं. "बाबा, इट सेज कम वन अवर अर्ली. लेट द इन्स्ट्रुमेंट सेटल इन द हॉल."

"ते गिटारवाल्यांसाठी गं," मी म्हणालो.

"अरे, निदान तबला तरी वर आण. इथला ऑगस्ट आहे, डिकीची भट्टी होते," बायको म्हणाली. तबल्यातलं तिला काय कळतं, असं वाटून मी हसलो.

अल क्वोजमधल्या एका गोदामात ऑडिशन होती; तिथे पोचलो तेव्हा माझ्या वेळेला दहा मिनिटं उरली होती. आत एसीने दात वाजत होते. भिंतीशी पंचविशीतली एक मुलगी तबला उघडा ठेवून केव्हाची बसलेली. मधूनच टिचकी मारून ऐके, हातोडीने हलकेच ठोके, पुन्हा गप्प बसे. डाळ शिजली का बघावी तसं तिचं चाललं होतं.

"अंकल, आप नहीं निकालेंगे?" तिने विचारलं.

"टाइम आने पर, बेटा," मी म्हणालो. काय तो माझा रुबाब!

माझा नंबर आधी लागला. दहा मिनिटं मिळाली. हार्मोनियमवाल्याने सूर धरला आणि मी तबल्यावर बोट मारलं. डिकीतल्या उन्हाने वरचं कातडं, म्हणजे पुडी, ताणून सुरात इतकी चढली होती की तबला किंचाळला. ठोकून उतरवला, तर थंडीत तो आणखीच सरकला. पुडीच्या कडेचं इकडचं घर सुरात लागलं की तिकडचं सुटे. "बस दो मिनट," असं मी तीनदा म्हणालो. शेवटी कसाबसा ठेका धरला, एका कायद्याचं तोंड, म्हणजे नुसती सुरुवात, वाजवलं आणि वेळ संपली.

"भाईसाब," परीक्षक शांतपणे म्हणाले, "हमने तो सिर्फ हथौड़ी सुनी. खलास."

बाहेर तबला गुंडाळताना त्या मुलीचं वाजवणं ऐकलं. हात माझ्यापेक्षा कच्चा होता, हे आजही सांगतो. पण पहिली थाप सुरात पडली आणि पुढची दहाही मिनिटं ती फक्त वाजवत होती. नोकरी तिलाच मिळाली, आणि मिळायलाच हवी होती.

पुढच्या शुक्रवारी मंडळाची मीटिंग होती. मुलगीही सोबत होती; घरी मी तिला खरं काय ते सांगितलं होतं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं हो?" मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "सगळं सेटिंग हो. त्या पोरीचं आधीच ठरलं होतं." सगळे हळहळले. कोणीतरी माझी पाठ थोपटली, आणि ते मला बरं वाटलं याचीच आता जास्त लाज वाटते.

"बाबा, दॅट्स नॉट ट्रू," मुलगी मोठ्याने म्हणाली.

अध्यक्षांनी हसून तिला बाहेर खेळायला पाठवलं. मी तिला थांबवलं नाही.