हृदयावरचा काळा टाका

बेंगळुरूत माझी नोकरी टिकली ती आमच्या सरांमुळे. सर कृत्रिम हृदय बनवायचे. आधी त्यांच्याबद्दल सांगते, कारण पुढे जे झालं त्यात चूक सगळी माझी होती.

सरांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण कधी जागेवर नसायचं. विचारात पडले की ते पिरगाळत बसायचे, तुटलं की खणात टाकायचे. मी सुई घेऊन पुढे झाले की म्हणायचे, "स्वल्प थांब, अक्का. आधी हृदय, मग बटण."

मी परभणीकडची, सातवीत शाळा सुटलेली. चिकपेटेच्या बाजारात साड्यांना फॉल लावायचे. सर बायकोची साडी न्यायला आले आणि माझे टाकेच बघत उभे राहिले. "हृदयाच्या झडपेला कड्यावर कापड लागतं. शिवशील?"

घाबरत म्हटलं, "शिवते की."

ते हृदय पेरूएवढं. माणसात अजून बसलं नव्हतं, मीठपाण्याच्या टाकीत धकधक करायचं. एकदा सरांनीच झडप उलटी बसवली. पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर! चष्मा पुसत म्हणाले, "सरी, ठीक आहे! माणूस असता तर गेला होता."

मग तपासणीला मोठ्या मॅडम येणार असं कळलं. इतकं गोजिरं काम, चार लोक बघणार. तुम्हीही बाळाला काजळाची तीट लावता ना? आमच्याकडे नव्या झबल्याला काळा टाका घालतात. मी झडपेच्या कापडावर एक घातला, माझ्या डब्यातल्या दोऱ्याने.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हा काळा दोरा कुठला? बाहेरचा धागा चालत नाही इथे. रक्त गोठेल त्यावर!"

मला डोळ्यांपुढे परतीची गाडी दिसायला लागली. "मी घातला, मॅडम. दृष्ट लागू नये म्हणून."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. टाकीतलं हृदय तेवढं चालू.

सर बटण पिरगाळत पुढे आले. "दोरा चुकला, मॅडम. ही झडप बाद, अक्का नवी शिवेल. पण टाका राहू दे. एवढा शिकून मी झडप उलटी बसवली आणि तोंड धुऊन घेतलं. काळा टाका वर, एवढं ठरलं की मलासुद्धा झडप सुलट बसवणं जमेल."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "दोरा तपासलेला हवा." तेवढ्यात सरांचं बटण टपकन टाकीत पडलं.

आता आमच्या प्रत्येक झडपेवर ती खूण असते. सर मात्र निवृत्त होऊन मुलाकडे म्हैसूरला गेले. त्यांच्या खणात मूठभर बटणं निघाली, ती मी जपून ठेवलीत. एक दिवस म्हैसूरला जाईन, सगळे शर्ट बाहेर काढायला लावीन आणि झडपेच्या टाक्याने एकेक बटण पक्कं करीन. आणि त्या दुसऱ्या बटणाखाली, आतल्या बाजूने, एक काळा टाका घालीन. या वेळी थांबणार नाही.