तीन नंबरच्या होल्डमधला कोको

मेजर म्हणून फौज सोडली आणि मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीत लागलो. तिने मला योकोहामाच्या ऑफिसात पाठवलं. दोन हजारनंतरची ती वर्षं. मी राहायचो त्या उरायासुच्या बिल्डिंगमध्ये पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली कुटुंबं भराभर येत होती. मी फौजी आहे म्हटल्यावर ही मंडळी बॉर्डरच्या गोष्टी विचारायची. मी सांगायचो कोकोच्या. त्यांची तोंडं उतरायची, आणि मला त्याची थोडी मजाही वाटायची.

पश्चिम आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात आमची पलटण शांतिसेनेत होती. तिथली लढाई हिऱ्यांवर चालायची. ज्याच्या ताब्यात खाण, त्याच्याकडे बंदुका. गावं मात्र जगत होती कोकोवर. युद्धात माणसं पळाली, बागांत रान माजलं, पण झाडं टिकली. शांतता झाल्यावर लोक परतले ते कोयते घेऊन, रान साफ करायला. फळं फोडायची, गरासकट बिया केळीच्या पानांखाली आंबवायच्या, मग उन्हात वाळवून गोण्या भरायच्या आणि बंदरावर धाडायच्या. परदेशात विकून शेतकऱ्याच्या हाती काही पडेल असं तेवढंच पीक होतं. हिऱ्यांचा पैसा गावात कधी दिसला नाही.

हवालदार दत्ता खोत माझ्या हाताखाली होता. गाव साताऱ्याकडचं, घरची शेती. सुट्टी मिळाली की तो बागेत जाऊन बसायचा.

"साहेब, ह्यांचं खळं बघा," तो म्हणायचा. "आपल्यापेक्षा स्वच्छ."

एकदा गस्तीवर असताना बागेच्या रस्त्यावर गोळीबार झाला. आमचा एक जवान पडला. मी कव्हर फायरची ऑर्डर देईपर्यंत खोत रस्त्यावर पोचलासुद्धा होता. त्याने त्या जवानाला पाठीवर टाकून आणलं. तो वाचला. पडलेला माणूस उघड्यावर ठेवायचा नाही, हे पलटणीत कुणी शिकवत नाही. सगळ्यांना येतं.

खोत रिटायर झाला तेव्हा मीच त्याला आमच्या कंपनीत घेतलं. त्याच देशात, बंदरावर कोको तपासून चढवण्याच्या कामावर. तिथली भाषा त्याला येत होती आणि गावकरी त्याला ओळखत होते. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. वर्दी उतरली तरी हे बदललं नाही.

त्या वर्षी तिथे पाऊस लांबला. माल निघाल्यावर खोतने फोन केला आणि बोट पोचायच्या सुमारास विमानाने स्वतःच योकोहामाला आला. बोट लागायच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्या घरी जेवायला होता. खालच्या मजल्यावरचा निखिल आला होता. हा पुण्याचा इंजिनिअर, सोबत छोटी मुलगी.

"काका, कोको तर आहे. त्यात एवढं बघायला काय यायचं?" निखिलने विचारलं.

"माल ओलसर चढलाय," खोत म्हणाला. "मी म्हटलं होतं, अजून ऊन पायजे. बोटवाले थांबेनात. आता इथल्या पार्टीनं परत लावला, तर त्या गावांचा माल परत कोण घेणार?"

मुलीने त्याला कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातलं चॉकलेट दिलं. त्याने आधी वास घेतला, मग खाल्लं. "जरा जास्तच भाजलंय," म्हणाला. ती जपानीत काहीतरी बोलून हसली. काय ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. पाऊस भुरभुरत होता. कोको भिजू नये म्हणून होल्डची, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या कप्प्यांची, मोठी झाकणं बंदच ठेवली होती. धक्क्याचे सेफ्टी सुपरवायझर मोरिता-सान आमच्याबरोबर डेकवर चढले. त्यांचा नियम साधा होता. आधी मीटरने होल्डमधली हवा मोजायची, मग माणूस उतरवायचा. मीटर गळ्यात अडकवून ते पहिल्या होल्डकडे निघाले होते.

तीन नंबरच्या होल्डचं शिडीचं छोटं झाकण उघडं होतं. खोतने आत वाकून पाहिलं.

"साहेब, माणूस पडलाय."

मीही पाहिलं. शिडीखालच्या गोण्यांवर जहाजाचा एक फिलिपिनो खलाशी पालथा पडला होता. मोरिता-सान पळत आले.

"नो एंट्री. नो एअर. वेट."

"खोत, थांब," मी म्हणालो. ती ऑर्डर होती.

"आलोच, साहेब."

तो शिडीवर होता. भराभर उतरला. खलाशाच्या काखेत हात घातला, त्याला अर्धा उचलला आणि खाली बसला. शेतात दमलेला माणूस बांधावर बसतो तसा. मग आडवा झाला. ओरडला नाही, खोकलासुद्धा नाही.

मी शिडीला हात घातला तेव्हा मोरिता-साननी मागून कमरेला मिठी मारली. मी कोपर मारलं. त्यांच्या नाकातून रक्त आलं, पण त्यांनी सोडलं नाही. तसेच वॉकीटॉकीवर बोलत राहिले.

"होल्ड थ्री. टू मेन डाउन. एअर सेट, क्विक."

पाठीवर सिलिंडर लावलेली माणसं येईपर्यंत मी तिथे उभा होतो. खोत मला दिसत होता. दोन माणसं खाली, गोण्यांवर, खोतचे डोळे उघडे. मी अँब्युश पाहिलेत, सुरुंगाने उडालेली गाडी पाहिली आहे. तिथे निदान आवाज होतो. इथे ना धूर, ना वास, ना शत्रू. ओला कोको बंद होल्डमध्ये महिनाभर श्वास घेत बसतो आणि आतला प्राणवायू संपवतो, एवढंच. हे मोरिता-साननी नंतर समजावलं. मला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. ज्या खोडीने त्याने रस्त्यावरचा माणूस वाचवला होता, तीच त्याला घेऊन गेली. आणि मला ज्याने वाचवलं त्याचं नाक मी फोडलं होतं. मी सुन्न झालो होतो. आजही ते पुरतं गेलेलं नाही.

दोघांनाही बाहेर काढलं. दोघंही गेलेले होते.

दुपारी मी खोतच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. तो गेला, एवढंच आधी सांगितलं.

"गोळी लागली का, साहेब?"

"नाही, वहिनी. जहाजात हवा नव्हती."

"हवा नव्हती म्हंजे?"

मी सगळं सांगितलं.

"ज्याला आणाया गेले, तो तरी वाचला का?"

"नाही."

"त्याच्या घरी कुणी कळवलं का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी त्याचं नावसुद्धा विचारलेलं नव्हतं. फोन ठेवला आणि परत जहाजावर गेलो. कॅप्टनला विचारलं, त्याने नाव सांगितलं. घरी कळवलं होतं. बायको होती, दोन मुलं होती.

पलटणीत आम्ही गेलेल्यांची नावं उभं राहून घेतो. मी घरात एकटा असलो तरी उभा राहतो आणि दोन्ही नावं घेतो.

हवालदार दत्ता खोत.

खलाशी रेनाटो बाउतिस्ता.