टेबलावर राहिलेली पुस्तकं

संदर्भबाई नाकावर माशी बसू देत नसत आणि टेबलावर पुस्तक राहू देत नसत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या संदर्भ दालनात सव्वीस वर्षं त्यांचं राज्य होतं. बेचाळीसशे पुस्तकं, सहा लांब टेबलं आणि प्रत्येक पुस्तकावर जांभळा शिक्का: 'बाहेर नेता येणार नाही'. कोश, जुने नकाशे, मतदारयाद्या, व्यापाऱ्यांच्या डिरेक्टऱ्या, असा सगळा जाडजूड कारभार. वाचक खुर्ची मागे सारतो न सारतो, तोच बाई पुस्तक उचलून जागेवर नेऊन ठेवत. संध्याकाळी दालनाला कुलूप लागे तेव्हा सकाळपासून तिथे कोणी फिरकलंच नसावं असं वाटे. बाईंना याचा भारी अभिमान होता.

नवे ग्रंथपाल वयाने बाईंच्या भाच्याएवढे. माणूस सज्जन, पण संगणकाचा शब्द ब्रह्मवाक्य मानणारा. एका मंगळवारी ते कागद घेऊन आले आणि उगाचच चष्मा पुसत उभे राहिले.

"बाई, वर्षभरात संदर्भ विभागाचा वापर शून्य दिसतोय."

"शून्य? अहो, कालच अकरा माणसं होती इथं."

"पण एकही पुस्तक घरी गेलं नाही ना. नोंद कशाची होणार?"

"घरी नेऊ नका म्हणून शिक्का आपणच मारायचा, आणि कोणी नेत नाही म्हणून आपणच ओरडायचं?"

"मला कळतंय हो. पण समितीला कागद लागतो." मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं: पुस्तकं गोदामात जाणार, दालनात परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी संगणक लागणार, आणि बाईंना सभासदांची ओळखपत्रं छापायच्या खिडकीवर बसवणार. समितीची बैठक तीन आठवड्यांनी.

ओळखपत्रं छापायची! फोटो चिकटवा, बटण दाबा, पुढचा या. बाईंचा संताप झाला, आणि त्याच्या तळाशी भीतीही होती. लोकांना हवं ते शोधून देणं एवढंच त्यांना उत्तम येत होतं. तेच गेलं तर खिडकीत बसणारी बाई कोण, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. जेवताना त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू पुस्तकं लगेच उचलून ठेवतेस?"

"मग काय पसरून ठेवू?"

"मी ठेवतो. लोकांनी लावून पाहिलेल्या फ्रेमा दिवसभर काउंटरवर तशाच पडू देतो. दुकान बंद करताना बघितलं की लोकांना काय हवंय ते कळतं. तू सगळं आवरून टाकतेस, मग कोणाला काय कळणार?"

बाईंचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षं त्या जगाला पुरावे शोधून देत होत्या, आणि स्वतःच्या कामाचा पुरावा रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने फडताळात लपवत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी टेबलांवर पाट्या लागल्या: 'पुस्तके जागेवर ठेवू नयेत'. नेहमीच्या वाचकांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही. एका निवृत्त मोजणीदाराने सवयीने नकाशांचा गठ्ठा उचलला, तर बाई जवळजवळ खेकसल्याच, "राहू द्या हो तिथंच!" दुपारपर्यंत टेबलांवर नुसता बाजार मांडलेला. बाईंचे हात शिवशिवत, मग त्या ते पदराखाली घट्ट धरून बसत. संध्याकाळी मात्र एकेक पुस्तक उचलून त्याच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, वहीच्या डावीकडच्या पानावर त्याचं नाव लिहायचं, आणि मगच जागेवर ठेवायचं.

पंधरा दिवसांनी त्यांनी वही पुरी केली. तीनशे सदुसष्ट पुस्तकं. मतदारयाद्यांवर रेघांची रांग, गटारांच्या जुन्या नकाशांवर तशीच. एका औषधकोशाचं शेवटचं पान तर रेघांनी भरलेलं. पण लाल कातडी बांधणीच्या बत्तीस खंडांच्या थोरल्या कोशावर एकही रेघ नव्हती. तो कोश बाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आला होता. खोकी त्यांनीच फोडली होती. दर महिन्याला त्या तो मऊ फडक्याने पुसत.

दालनात कोणी नव्हतं. बाईंनी सातवा खंड काढून टेबलावर ठेवला. एक रेघ, फार तर दोन. कोण विचारणार होतं? पेन्सिल पानावर टेकली. मग त्यांनाच स्वतःची लाज वाटली. खोटी तारीख सांगणाऱ्यांना ज्यांनी जन्मभर खरी तारीख काढून दाखवली, त्यांनी हे करायचं? खंड परत गेला.

बैठकीत समितीचे अध्यक्ष वही चाळत राहिले. कापडाचे व्यापारी होते ते. मालाची पारख असलेला माणूस. "बाई, बेचाळीसशेतली तीनशे सदुसष्ट. म्हणजे बाकीच्यांना कोणी हात लावत नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"हो."

"तो मोठा कोश?"

"एकदाही निघाला नाही. त्यातलं सगळं लोकांना फोनवर मिळतं. तो गेला तरी चालेल."

ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. बाई आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत असं त्यांना वाटलं.

"मग दालन कशासाठी हवं?" अध्यक्ष म्हणाले.

"दालन नकोच आहे. वहीचं उजवीकडचं पान बघा. पंधरा दिवसांत दोनशे चौदा माणसं आली. त्यांतल्या एकवीस जणांनी पुस्तकाचं नाव सांगितलं. बाकीच्यांनी प्रश्न विचारले. वडिलांचं दुकान कुठल्या साली कुठे होतं, आमच्या भिंतीखालून कुठली नळी जाते, आजीच्या चिठ्ठीतलं हे औषध कसलं. त्यांना पुस्तकाचं नाव ठाऊक असतं तर ती माझ्याकडे कशाला आली असती? टेबलावरची बहुतेक पुस्तकं मीच काढली होती."

अध्यक्षांनी उजवीकडची पानं पहिल्यापासून चाळायला घेतली.

"चार कपाटं ठेवा. आणि माझं टेबल खाली मुख्य दारासमोर टाका, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असं. ओळखपत्रं छापायला दुसरं कोणीही चालेल."

अध्यक्षांनी वही मिटली. "तसंच करा," ते ग्रंथपालांना म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी वापर मोजताना बाईंना विचारून मोजा."

आठवड्याभरात टेबल खाली आलं. त्याच सकाळी थोरला कोश टेम्पोत चढत होता आणि बाई दारातून बघत होत्या. सातवा खंड गेला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

ग्रंथपाल हळूच म्हणाले, "ठेवून घ्यायचा होता, बाई. मी बोललो असतो त्यांच्याशी."

"वाईट वाटतंच हो. पण पुस्तकं सांभाळता सांभाळता मी माणसं मोजायची विसरले होते."

टेबलापाशी एक बाई हातात जुनं पाकीट घेऊन घुटमळत होती, कोणाला विचारावं हे न कळून. संदर्भबाईंनी डोळे पुसले आणि समोरची खुर्ची ओढून दिली.

"बसा. काय शोधायचंय?"