बंद पडणारी स्कूटी

झरीजवळच्या आमच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंची स्कूटी रोज नेमकी शाळा सुटतानाच बंद पडते. मग बाई तिच्यावर ऐटीत बसतात आणि पहिलीची सगळी पोरं मागून ढकलतात. बाई हळूच ब्रेक दाबून धरतात.

"कामून हलंना रे?"

"जोर कमी पडायलाय, बाई."

ब्रेक सुटला की गाडी घरंगळते, पोरं मागं धावतात.

"आता कामून पळायली?"

बाईंचं बोलणंही असंच. वाक्य अर्ध्यात सोडायचं, पुढं पोरांनी न्यायचं.

काल मला त्यांची दया आली. मधल्या सुट्टीत चावी स्कूटीलाच दिसली, म्हणून बटण दाबून बघितलं. गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. बाई पळत आल्या आणि त्यांनी चावी काढून घेतली.

"सर, पोरांना सांगू नका बरं. लय मन लावून शिकायलेत."

मी कशाला सांगतो.

शाळा सुटली, ढकलणं झालं, बाई गेल्या. त्या पोरांतली एक चिमुरडी माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "सर, गाडी चांगली हाय. पण बाईला सांगू नका. त्यांना लय मजा येती."