टाका माझाच होता

सरकारी दवाखान्यातल्या शालन सिस्टर घरात आल्या की आधी म्हातारीला बाहेर काढायच्या. "आजी, बाळाला जरा कोवळ्या उन्हात धरा. आन् दाराला कान नका लावू!" मग आतून कडी, आणि बाळंतिणीला थेट सवाल. वेल्ह्याकडच्या माझ्या माहेरच्या गावात असं विचारणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. माझं बाळंतपणही त्यांनीच केलं होतं.

मला त्यांनी विचारलं, "नवऱ्याजवळ जाताना दुखतं का?" मला एकदम रडूच फुटलं.

बाळ सात महिन्यांचं झालं होतं. मध्ये एकदा मी शिवऱ्याला सासरी आठ दिवस राहून आले. नवरा जवळ आला की टाक्यांच्या जागी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. मी त्याला ढकललं. त्याला वाटलं, मला तोच नकोसा झालाय. बाळाच्या तापाचं निमित्त करून मी माहेरी आले, ती परत गेलेच नाही. आता त्याचा फोन आला होता, "रविवारी न्यायला येतो. आलीस तर आलीस, नाहीतर कायमची तिथंच राहा." आई म्हणायची, "टाके काय तुलाच पडले? आमी न्हाई नांदलो?" काय डोंबल सांगणार होते मी तिला!

हे सगळं ऐकून सिस्टरांनी तपासलं. मग बराच वेळ नुसते हात धुतले.

"टाका माझाच हाय," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीण म्हणलं की आमचा हात कात्रीकडं जायाचाच. तुला कापायची गरज नव्हती. वर शिवताना लई आवळलं म्या."

मी भयंकर चिडले, नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "इलाज हाय. भोरला लेडी डॉक्टर हायेत. तवर कुणाचीच जबरदस्ती न्हाई."

रविवारी सुट्टी असून त्या आल्या. नवरा दारातच उभा, हातात गाडीची किल्ली. चहा नको, पाणी नको. "आवर," म्हणाला.

"पाव्हणं, टेका जरा," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही आमच्या घरच्यात पडू नका."

"पडलेच हाय मी. हिला कापली म्या, शिवली म्या, आन् चुकीची शिवली. म्हणून दुखतंय तिला. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

आईनं पदर तोंडाला लावला. नवरा लालबुंद झाला. "मग हिनं सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंत का?"

त्यानं किल्ली खिशात टाकली आणि तो खाली बसला. सोमवारी त्यानं मला सासरी नाही, भोरला नेलं.

लहानसं ऑपरेशन झालं. दुखणं हळूहळू कमी झालं, भीती जायला मात्र फार दिवस लागले.

सिस्टरांची बदली झाली तेव्हा भोरच्या एसटी स्टँडवर मी भेटायला गेले. पाया पडायला वाकले तर त्या मागं सरकल्या. "पाया नगं. माफ केलंस का, तेवढं सांग."

खोटं कशाला बोलू? माझा त्यांच्यावर जीव होता, आणि रागही होता. म्हटलं, "सिस्टर, माझा संसार तुमच्यामुळं वाचला. पण ते वर्ष गेलं ते गेलंच."

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "ते म्या घालवलं."